फवारा आणि फेरी

झुरळे, वाळवी, उंदीर यांचा बंदोबस्त करायला जो माणूस घरी येतो, त्याच्याकडून आपली पहिली अपेक्षा वासाची असते. तो पंप घेऊन आत आला, ओट्याखाली, न्हाणीच्या कोपऱ्यात, पलंगामागे फवारा मारून गेला आणि पुढे दोन दिवस घरभर औषधाचा दर्प राहिला, की पैसे वसूल झाल्यासारखे वाटते. वास आला नाही तर मनात शंका येते. ‘भाऊ, थोडं जास्त मारा ना, वासच येऊन नाही राहिला,’ हे वाक्य नागपूर-सावनेर पट्ट्यात हे काम करणाऱ्याच्या कानाला नवे नसणार. त्या वाक्यामागे एक समजूत आहे: आपण पैसे देतो ते औषधाचे, आणि माणूस त्या औषधासोबत येतो. मला ही समजूत मुळातच चुकीची वाटते. औषध तर कुठल्याही कृषी केंद्रात किंवा किराणा दुकानातही मिळते. दर महिन्याला त्याच ओट्याखाली वाकून पाहणारी, मागच्या खेपेला तिथे काय होते ते आठवणारी नजर दुकानात मिळत नाही. पेस्ट कंट्रोलच्या कामाचा जीव फेरीत आहे आणि फवारा हे तिच्यातले एक साधन, तेही अनेकदा शेवटी काढायचे. आपण मात्र या माणसाला फवाऱ्यावर मोजतो. त्यामुळे काम बिघडते, कीड टिकून राहते आणि घरातले विष तेवढे वाढत जाते.

सावनेरसारखे तालुक्याचे गाव या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. मराठी वाचकाला ते राम गणेश गडकऱ्यांच्या अखेरच्या मुक्कामामुळे ठाऊक असते. २३ जानेवारी १९१९ रोजी ते इथेच गेले. पण कीड नियंत्रणाच्या रूटवर निघालेल्या माणसाला दिसणारे सावनेर वेगळे. नागपूरहून पस्तीसेक किलोमीटर, कोराडी, दहेगाव, पाटणसावंगी करत मोटारसायकलवर येणाऱ्याच्या एका दिवसात वेकोलि या कोळसा कंपनीच्या वसाहतीतले क्वार्टर, सरकीचे ढीग असलेले जिनिंग, छिंदवाडा रस्त्यावरचा ढाबा, बाजारातले किराणा दुकान, एखादा दवाखाना, बँकेची शाखा आणि जुन्या वस्तीतले सागवानी चौकटींचे मातीचे घर, एवढे सगळे येऊ शकते. प्रत्येक ठिकाणची कीड निराळी आणि तिची आत येण्याची वाट त्याहून निराळी. क्वार्टरमध्ये गटाराच्या चेंबरमधून मोठे तांबूस झुरळ मोरीच्या जाळीतून वर चढते. ढाब्याच्या भटारखान्यात लहान, फिकट पिवळे जर्मन झुरळ फ्रिजच्या मोटारीच्या उबेला बिऱ्हाड करते. किराणा दुकानात घूस फरशीखालून पोखरत येते आणि उंदीर छपराच्या वाशांवरून. इकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. तिच्यावरचे जोते थोडे जरी हलले तरी फरशी आणि भिंत यांच्यामध्ये केसाएवढी फट पडते, आणि वाळवीला मातीची नळी वर न्यायला तेवढी पुरते. दवाखान्यात तर काय मारावे यापेक्षा कुठे मारू नये हे आधी ठरवावे लागते. ही सगळी ठिकाणे एका टाकीतल्या एका द्रावणाने निभावतील असे मानणे म्हणजे एकाच चावीने गावातली सगळी कुलपे उघडायला निघणे.

वाळवीचेच बघा. बांधून झालेल्या घरासाठी भारतीय मानक ६३१३ च्या तिसऱ्या भागात रीत दिली आहे: भिंत आणि फरशी मिळते त्या रेषेवर सुमारे ३०० मिलिमीटरच्या अंतराने १२ मिलिमीटर व्यासाची भोके पाडायची, त्यांत औषध सोडायचे, भोके बुजवायची. हे कुणीही शिकू शकतो. पण वाळवी नेमकी कुठून चढते आहे, बंद कपाटाच्या मागून की देवळीच्या चौकटीतून, न्हाणीच्या गळक्या नळामुळे कायम ओल्या राहणाऱ्या भिंतीतून की अंगणात टाकून ठेवलेल्या जुन्या ओंडक्यातून, हे कुठल्याही मानकात छापलेले नसते. लाकडावर बोटाने टकटक करून पोकळ आवाज ऐकावा लागतो. मातीची नळी थोडी मोडून ठेवायची आणि पुढच्या फेरीला पाहायचे: तिची डागडुजी झाली असेल तर आत वस्ती जिवंत आहे. या परीक्षेला औषधाचा थेंबही लागत नाही, फक्त परत यावे लागते. गळका नळ दुरुस्त करा, ओंडका हलवा, असे सांगणे हा त्याच्या कामाचा सर्वांत मोलाचा भाग असतो, आणि नेमके त्याचे पैसे कुणी देत नाही.

झुरळाची गोष्ट याहून बोलकी आहे. जर्मन झुरळाची मादी तीस-चाळीस अंड्यांची पिशवी पोटाच्या टोकाला धरून हिंडते आणि पिल्ले बाहेर पडायची वेळ जवळ आली की मगच ती सोडते. फवारा उघड्यावर सापडलेल्यांना मारतो. पिशवीच्या कवचातली पिढी त्यातून सुटते आणि काही आठवड्यांत ओट्याखाली पुन्हा पिल्ले दिसू लागतात. शिवाय बाजारातली बरीच फवाऱ्याची औषधे झुरळांना हुसकावणारी असतात. वास आला की ती आणखी आतल्या फटीत सरकतात, नाहीतर शेजारच्या बिऱ्हाडात जातात. म्हणून जाणता माणूस जेलचे ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके लपणीच्या जागेशेजारी ठेवतो. ज्याने ते खाल्ले त्याच्या विष्ठेतून आणि मेलेल्या शरीरातून विष इतरांपर्यंत पोचते. घरच्यांनी वासाच्या ओढीने त्याच जागी वरून बाजारी फवारा मारला, तर झुरळे त्या ठिपक्याला तोंड लावत नाहीत आणि सगळे फुकट जाते. पुढे तर विषारी आमिषही चुकू लागले. अमेरिकेतल्या काही जर्मन झुरळांनी आमिष खाणेच सोडले आहे, असे ज्यूल्स सिल्व्हरमन या संशोधकाच्या लक्षात आले. आमिषात ग्लुकोज होते आणि ही झुरळे ग्लुकोजच टाळत होती. हा त्याचा निष्कर्ष १९९३ चा. पण त्यामागचे कारण उलगडायला २०१३ साल उजाडले. त्या झुरळांच्या चवीच्या पेशींना ग्लुकोज कडू लागत होते, आणि हा बदल आनुवंशिक होता. ज्यांना गोड गोडच लागत होते ती विषाने संपली, उरलेल्यांची वीण वाढली. या सगळ्या शोधाची सुरुवात एका साध्या निरीक्षणाने झाली: ठेवलेले आमिष तसेच का राहिले? सावनेरच्या एखाद्या भटारखान्यात पुढच्या महिन्यात परत येऊन तोच ठिपका बॅटरीच्या उजेडात पाहणारा माणूस हाच प्रश्न विचारतो. औषध किडीपुढे जुने होत जाते. पाहणाऱ्या नजरेपुढे कीड अशी निर्ढावत नाही, कारण नजर प्रत्येक खेपेला नव्याने सुरुवात करते.

उंदरांच्या बाबतीत मोजण्याची चूक आणखी ढळढळीत दिसते, कारण तिथे आपण सरळ प्रेतेच मोजतो. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषक संहारक दंडुका आणि बॅटरी घेऊन गल्ल्यांतून फिरतात. एका रात्रीला ३० उंदीर हा त्यांच्या कामाचा हिशेब. त्यांचे कष्ट मोठे आहेत आणि प्लेग पाहिलेल्या शहराला ते कष्ट हवेतच. पण ३० चा आकडा भरला म्हणून त्या गल्लीतला कचरा किंवा उघडे गटार कमी होत नाही, आणि अन्न-निवारा शिल्लक असेल तिथे राहिलेले उंदीर ती जागा भरून काढतात. मार्च २०१८ मध्ये विधानसभेत एकनाथ खडसे यांनी मंत्रालयातल्या उंदीर निर्मूलनाचा प्रश्न काढला. सात दिवसांत ३,१९,४०० उंदीर मारल्याची नोंद कागदावर होती. नंतर सरकारकडून खुलासा आला की तो आकडा उंदरांचा नसून विषाच्या गोळ्यांचा आहे. त्या प्रकरणातला गैरव्यवहाराचा आरोप हा वेगळा विषय; मला त्या खुलाशापाशी थांबावेसे वाटते. गोळ्या किती टाकल्या हेच केलेल्या कामाचे माप म्हणून लिहिले गेले, आणि ते लिहिताना कुणाला खटकले नाही. हनोईत १९०२ साली फ्रेंच सत्तेने उंदराच्या शेपटीमागे पैसे देऊ केले, तेव्हा लोक शेपट्या तोडून उंदीर सोडून देऊ लागले, काहींनी तर ते पाळायला घेतले. ज्याचे पैसे द्याल ते वाढते. विषाचे पैसे दिले तर विष वाढेल, शेपट्यांचे दिले तर शेपट्या. उंदीर पकडणाऱ्या जाणत्या माणसाची खरी मोजणी निराळी असते. लेंडी ओली की वाळलेली, भिंतीकडेचा तेलकट डाग ताजा की जुना, पिठाची चिमूट पसरून ठेवली होती तिच्यावर पावले उमटली की नाही, हे तो बघतो. घरातला लहान उंदीर पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून आत येतो. ती फट सिमेंटने बुजवली की त्या वाटेवर पुन्हा विष ठेवायची गरजच उरत नाही.

हे सगळे सावनेरच्या लोकांना नवे नाही, आणि म्हणूनच मला या मुद्द्याबद्दल आशा वाटते. शेतात त्यांना हा धडा मिळालेला आहे. २००८ च्या खरिपात विदर्भ-मराठवाड्यातल्या सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा उद्रेक झाला, मोठ्या क्षेत्रावरचे पीक गेले, आणि त्यानंतर राज्याने क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षणाचा प्रकल्प सुरू केला. ठरलेल्या शेतांत ठरलेल्या दिवशी जायचे, झाडे मोजायची, अळ्या मोजायच्या, आकडे वर पाठवायचे आणि त्यावरून सल्ला द्यायचा, अशी त्याची रीत. कपाशीच्या शेतकऱ्याला कामगंध सापळा माहीत आहे. सलग तीन रात्री एका सापळ्यात रोज आठ किंवा अधिक पतंग आले तरच गुलाबी बोंडअळीसाठी फवारणीचा विचार करा, हे त्याला नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि कृषी खात्याने पुन्हा पुन्हा सांगितले आहे. त्याला नाव आहे आर्थिक नुकसानीची पातळी: त्या पातळीच्या खाली कीड दिसली तरी फवारायचे नाही, कारण फवारणीने होणारा खर्च आणि तोटा किडीच्या तोट्यापेक्षा जास्त असतो. प्रत्येक शेतकरी हे पाळतो असे नाही. पण ‘आधी मोजा, मग मारा’ हे सूत्र कानावरून गेलेले आहे. तोच शेतकरी संध्याकाळी घरी येतो आणि एक झुरळ दिसले की अख्खे स्वयंपाकघर फवारायला सांगतो. बांधावर चाललेला विवेक उंबरठ्याशी येऊन थांबतो. खरे तर घरात तो अधिक हवा, कारण शेतात फवारलेले औषध पाऊस-उन्हात विरत जाते, आणि घरात ते पोळपाटाखाली राहते.

यावर पहिला आक्षेप इतिहासाचा येईल, आणि तो हलका नाही. फवाऱ्यानेच तर या देशातला हिवताप आवळला! पॉल म्युलरला डीडीटीचा कीटकनाशक गुण शोधल्याबद्दल १९४८ चे नोबेल मिळाले. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तेव्हा देशात वर्षाला साडेसात कोटी रुग्ण आणि आठ लाख मृत्यू असावेत असा अंदाज होता, आणि १९६५ पर्यंत रुग्णांची संख्या लाखाच्या घरात आली. एवढा मोठा विजय भिंतीवर मारलेल्या पांढऱ्या फवाऱ्याने मिळाला हे नाकारणे कृतघ्नपणा होईल. पण याच कार्यक्रमाचा उत्तरार्ध वाचला की माझा मुद्दा पक्का होतो. १९५८ मध्ये कार्यक्रमाच्या नावातल्या ‘नियंत्रणा’चे ‘निर्मूलन’ झाले, आणि त्या आराखड्यात फवाऱ्याच्या पाठोपाठ एक दुसरा माणूस होता. दर पंधरवड्याला घरोघर जाऊन ‘कुणाला ताप आला होता का’ असे विचारणारा, बोटातून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेणारा, भिंतीवर तारीख टाकणारा. फवाऱ्याने रुग्ण कमी झाले तशी ही फेरी ढिली पडली, काचपट्ट्या तपासायला उशीर होऊ लागला, पैसा आटला, आणि डासही डीडीटीला निर्ढावले. १९७६ साली नोंदलेल्या रुग्णांची संख्या चौसष्ट लाखांवर गेली. फवाऱ्याने घसरवलेला आकडा फेरी थांबल्यावर पुन्हा वर आला. साथ आलेली असेल, घराघरात ताप असेल, तेव्हा फवारा मारावाच लागतो. तो युद्धप्रसंग आहे. पण वर्षभराचा करार केलेल्या घरात रोजच युद्ध मांडून कसे चालेल?

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि या धंद्यातला माणूस तोच आधी पुढे करेल. दिवसाला आठ-दहा कॉल असतात, प्रत्येक ठिकाणी तासभर वाकून पाहायला वेळ कुणाला? वार्षिक कराराचे दर स्पर्धेने पाडलेले, पेट्रोल वाढलेले, आणि मागे बसलेला मालक विचारतो ते किती ठिकाणे झाली एवढेच. हे खरे आहे, आणि ते त्या कारागिराच्या माथी मारता येणार नाही. पण दर पडले कशाने? ग्राहकाला दोन कंपन्यांतला फरक दिसत नाही म्हणून. दोघांकडे पंप आहे, दोघांचे औषध वास मारते. मग स्वस्त तो बरा. नजर वेगळी आहे हे ग्राहकाला दिसायचे असेल तर ती कागदावर उतरली पाहिजे. आज बहुतेक सर्व्हिस कार्डांवर तारीख, औषधाचे नाव आणि ग्राहकाची सही असते. अन्न सुरक्षा कायद्याखालच्या २०११ च्या नियमांत परिशिष्ट चारमध्ये हॉटेल-उपाहारगृहांना कीड नियंत्रण सक्तीचे केले आहे. ते योग्यच आहे. पण त्यातून पुष्कळदा प्रमाणपत्राची मागणी तयार होते, कामाची नाही. भिंतीवर चौकटीत लावलेला कागद तपासनिसाला दाखवता येतो, फ्रिजमागची फट दाखवता येत नाही. त्याऐवजी कार्डावर ‘ओट्याखाली चिकट पट्टीवर झुरळे: मागच्या फेरीला किती, आज किती, कुठली फट बुजवायला सांगितली होती, बुजवली का’ एवढे चार रकाने आले तर काय होईल? पहिले तीन महिने फेरीला वेळ जास्त लागेल हे मान्य. पण ज्या घरात फटी बुजल्या, नळ गळायचा थांबला, तिथे चौथ्या महिन्यात औषध जवळजवळ लागत नाही आणि फेरी दहा मिनिटांत होते. वेळ वाया जातो तो त्याच अंड्यांतून निघालेल्या त्याच झुरळांसाठी पुन्हा पुन्हा धावण्यात.

तिसरा आक्षेप वेगळ्या अंगाने येतो, आणि विदर्भात तो आदराने ऐकायला हवा. जीव मारण्याचा धंदाच कशाला चांगला म्हणायचा, असे विचारणारी माणसे इथे आहेत. रिद्धपूर ज्यांचे तीर्थ त्या महानुभावांच्या आचारात अहिंसेचा आग्रह आठशे वर्षांचा आहे. जैन कुटुंबे गावोगाव आहेत. त्यांना ‘किड्यांत काय जीव धरायचा’ असे म्हणून उडवून लावणे मला पटत नाही. पण नुसते न मारण्यानेही भागत नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर परिसरात स्क्रब टायफसचे रुग्ण निघाले, त्यांतले काही दगावले. उंदरांच्या अंगावर आणि झुडपांत राहणाऱ्या बारीक गोचिडीसारख्या चिगरच्या चाव्यातून तो ताप येतो. घराभोवतीची झुडपे आणि उंदरांचा वावर याकडे डोळेझाक करणे ही दया होत नाही. या पेचातून वाट काढणारा माणूस विदर्भानेच दिला आहे. अमरावती जिल्ह्यातल्या शेणगावचे गाडगेबाबा खराटा घेऊन गावात शिरायचे, आधी गटारे-रस्ते झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. पशुहत्येविरुद्ध ते आयुष्यभर बोलले. खराटा फिरला तिथे माशीला अंडी घालायला जागा राहत नाही, म्हणजे तिला मारायचा प्रसंगही येत नाही. फट बुजवणे, ओल काढणे, धान्याची पोती जमिनीपासून उंच आणि भिंतीपासून हातभर दूर ठेवणे, सांदवाडीतला अडगळीचा ढीग हलवणे, हे फेरीतले सगळे काम त्या खराट्याच्या जातीचे आहे. त्यातून मरणाऱ्यांची संख्या फवाऱ्याच्या मानाने फार थोडी राहते. विष खाऊन मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला तर घुबडालाही ते विष बाधते, हेही इथे लक्षात घ्यावे. बुजवलेल्या फटीने घुबडाला इजा होत नाही. अहिंसेचा आग्रह धरणाऱ्या घराने खरे तर सर्वांत चांगला पाहणारा माणूस बोलवावा.

विष वाढले तर ते सर्वांत आधी कुणाच्या अंगात जाते, हे विदर्भाला कुणी सांगायची गरज नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यांत पडले. त्या वर्षी कपाशी डोक्याएवढी वाढली होती, फवारा वर तोंड करून मारावा लागे, आणि अंगावर साधा सदरा. घरातली फवारणी त्या प्रमाणात धोक्याची नसते हे मान्य करून पुढचे बघू: शेतकऱ्याचा फवारणीचा हंगाम काही आठवड्यांचा असतो, रूटवरच्या माणसाचा बारा महिन्यांचा, आणि तो बंद खोलीत, पलंगाखाली वाकून, पंख्याविना फवारतो. या देशाचा कीटकनाशक कायदा मुळात अशाच एका अनर्थातून आला. १९५८ मध्ये केरळमध्ये पॅराथिऑनने दूषित झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभरावर माणसे मेली; अन्न आणि विष एकाच जहाजातून आले होते. त्यानंतरच्या चौकशीतून चालत आलेली वाट १९६८ च्या कायद्यापर्यंत आणि १९७१ च्या नियमांपर्यंत पोचली. त्या नियमांत संरक्षक कपडे आहेत, श्वसनाचा मुखवटा आहे, फवारणी करणाऱ्याची नेमणुकीआधी आणि पुढे ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी आहे. डब्यावर तिरक्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग आहे: लाल म्हणजे सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा, आणि हिरवा सर्वांत सौम्य. किराणा दुकानदाराने पोत्यांना कीड लागली म्हणून हातात दिलेली ॲल्युमिनियम फॉस्फाइडची गोळी खरे तर सर्वसामान्य माणसाने वापरायचीच नसते. ती हवेतल्या ओलीने विषारी वायू सोडते आणि तो भिंतीपलीकडे झोपलेल्या कुटुंबापर्यंत जातो. ‘इतक्याशा कामाला माणूस कशाला, गोळी द्या, मीच ठेवतो’ असे म्हणणाऱ्याला याहून वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

आणखी एक शंका उरते, ती शिक्षणाची. या धंद्याच्या परवान्यासाठी कृषी किंवा विज्ञानाची पदवी आणि मान्य संस्थेतले प्रशिक्षण लागते. पण घरात पाऊल टाकणारा माणूस बहुधा ते काम एखाद्या जुन्या सहकाऱ्याच्या मागे हिंडून शिकलेला असतो. त्याच्या नजरेवर एवढा भार टाकावा का? माझ्या मते त्याच्यावर टाकता येतो तो नेमका हाच भार. द्रावणाचे प्रमाण पदवीधराने लिहून द्यावे, औषध त्याने निवडावे. पण कुठल्या घरात कुठला कोपरा ओला असतो, कुठल्या ढाब्यावर रात्री उष्टे उघडे राहते, कुठल्या क्वार्टरचे चेंबर फुटले आहे, हे ज्ञान महिन्यामागून महिना त्याच दारातून आत जाण्याने येते आणि दुसऱ्या कशाने येत नाही. गावचा जागल्या शिकलेला नव्हता. पण कुठल्या वाड्याचे मागचे दार सैल आहे हे त्याला ठाऊक असे, आणि ज्या रात्री काही घडले नाही त्या रात्रीचेही बलुते गाव त्याला देई. या माणसाचे ज्ञान तो नोकरी सोडून गेला की आज त्याच्याबरोबर निघून जाते. त्याच्या जागी आलेल्या नव्या मुलाला फक्त पत्ता आणि पंप मिळतो, मग तो फवारण्याखेरीज करणार काय?

म्हणून मृगाच्या आधीच्या फेरीला, पहिल्या पावसाने मुंग्या आणि वाळवीचे पंखवाले किडे बाहेर पडण्याच्या सुमाराला, सावनेरच्या घरात येणाऱ्या माणसाकडे आपण वेगळ्या गोष्टी मागाव्यात. त्याला पाणी द्यावे, सिलिंडर बाजूला सरकवून द्यावा, फ्रिज ओढायला हात लावावा, मागच्या महिन्यात त्याने सांगितलेली मोरीची जाळी बसवली की नाही ते स्वतःहून सांगावे. तो चिकट पट्टी उचलून मोजत असेल तेव्हा घाई करू नये. त्याने या खेपेला फवारा मारलाच नाही, चार ठिपके ठेवले आणि दाराखालची फट दाखवून तो निघाला, तरी कार्डावर सही करावी आणि पूर्ण पैसे द्यावेत. आणि त्या कार्डावर, झुरळांच्या आकड्यांखाली, आज नसलेला एक रकाना मागून घ्यावा: या माणसाची शेवटची वैद्यकीय तपासणी कोणत्या तारखेला झाली.